स्क्रू फिरवण्याआधी

पावसाळी बंदी संपली की कोकणातल्या छोट्या होड्यांची आऊटबोर्ड इंजिने पुन्हा पाण्यात उतरतात. इंजिन अडखळले, स्लोला बंद पडले, की कार्ब्युरेटरचा स्क्रू हलला असेल असे धरून तो फिरवला जातो. पण या स्क्रूला स्प्रिंग असते, तो सहसा आपोआप हलत नाही. बंद इंजिनात कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर उरतो आणि स्लो जेटचे बारीक भोक बुजते. इथेनॉलचे पेट्रोल तर ओलावाही धरते. अशा वेळी कार्ब्युरेटर उघडून साफ करणे हाच इलाज. इंजिन ठेवून देतानाच वाटी रिकामी केली तर ही वेळ बहुधा येत नाही.

‘होडी पळत नाही, स्क्रू थोडा सोड’ हाही गैरसमजच. हा स्क्रू फक्त स्लोचे मिश्रण ठरवतो. पूर्ण रेसला पेट्रोल मुख्यतः मेन जेटमधून येते. जोर कमी पडला तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू, फिल्टर आणि पंख्यात अडकलेले जाळे आधी तपासा.

सगळ्यात घातक समजूत बचतीची: स्क्रूने पेट्रोल आवळले की खर्च वाचतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाते. 50 ला 1 प्रमाण असेल तर लिटरला 20 मिली. पेट्रोल आवळले की ऑइलही घटते, झीज वाढते. शिवाय रेस देताच इंजिन शिंकते आणि बंद पडते. खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटत असताना असे झाले तर होडी खडकावर जाऊ शकते. चार पैशांच्या पेट्रोलसाठी हा धोका कोणीही पत्करू नये. जास्त ऑइल ओतणे हाही उपाय नव्हे. प्लग काळा पडतो आणि मिश्रणातले पेट्रोल उलट कमी होते.

स्क्रू लावायचाच असेल, तर पाण्याच्या पिंपात, न्यूट्रलला लावलेला स्लो समुद्रात टिकत नाही. होडी धक्क्याला घट्ट बांधा, इंजिन गरम होऊ द्या, मग गियरमध्ये टाकून स्लो लावा. त्याआधी, इंजिन बंद असतानाच, स्क्रू किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेवा. तळाला जोराने आवळू नका, सुईचे टोक दबते. एका वेळी अष्टमांश फेराच फिरवा आणि इंजिन स्थिरावेपर्यंत थांबा. शिंकत असेल तर पेट्रोल कमी आहे. धूर आणि ओला काळा प्लग दिसला तर बहुधा जास्त. सर्वांत सुरळीत जागा सापडली की तिथून किंचित जास्त पेट्रोलाकडे ठेवा.

बऱ्याच इंजिनांत स्क्रू आवळला की पेट्रोल घटते, पण काहींत तो हवेचा असतो आणि आवळला की पेट्रोल वाढते. तुमच्या इंजिनाची पुस्तिका पाहूनच स्क्रूला हात लावा.