जुनी टाकी, नवा समुद्र

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. पश्चिमेचे मंगळूर आणि पूर्वेचे चेन्नई ही दोन्ही किनारी शहरे तेथून रस्त्याने सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहेत. तरीही आपल्या घरात समुद्रातील मासे असावेत, अशी हौस बाळगणारी माणसे या शहरात आहेत. नोकरीनिमित्त येथे येणारे आणि येथून जाणारे लोक पुष्कळ. घर बदलले, बदली झाली, की खाऱ्या पाण्याची टाकी विकायला निघते. त्यामुळे नवशिक्याची पहिली टाकी बहुधा कोणाची तरी वापरलेली असते. तिच्यासोबत पंप, गाळणी, दिवे, वाळू, खडक आणि कधीकधी मासेही मिळतात. चालता-बोलता एक लहानसा समुद्रच आपण स्वस्तात उचलून आणला, असे घेणाऱ्यास वाटते.

हा समज अर्धाच खरा आहे. जुन्या टाकीतील सर्वांत मोलाची वस्तू डोळ्यांना दिसत नाही. आणि तिच्यातील सर्वांत घातक वस्तूही दिसत नाही. या दोन्हींची ओळख नसेल, तर पहिली वस्तू वाटेतच नष्ट होते आणि दुसरी मात्र सुखरूप घरी येते.

समुद्रापासून दूर समुद्रजीव जगवण्याचा प्रयत्न नवा नाही. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही प्रवाळजीव लंडनला नेले. पाणी शिळे होऊ नये म्हणून उघड्या खिडकीपुढे ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहण्याचे काम त्यांची मोलकरीण करीत असे. पुढे त्यांनी पाण्यात समुद्रशैवाल ठेवले. पाण्यात प्राणवायू मिसळत राहिला पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या अनुभवाने दाखवून दिली. परंतु माशांच्या विष्ठेपासून आणि उरलेल्या अन्नापासून तयार होणाऱ्या विषाचे काय होते, हे कळण्यास आणखी काही दशके जावी लागली.

ते विष म्हणजे अमोनिया. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्‌स्की यांनी अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू वेगळे काढून दाखविले. या जीवाणूंचा एक गट अमोनियापासून नायट्राइट तयार करतो, दुसरा गट नायट्राइटपासून नायट्रेट तयार करतो. पहिले दोन पदार्थ माशांना अत्यल्प प्रमाणातही बाधतात. तिसरा पुष्कळ सौम्य असतो आणि अधूनमधून थोडे पाणी बदलून तो आटोक्यात ठेवता येतो. समुद्राच्या पाण्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. हे पाणी किंचित अल्कधर्मी असते, त्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो. त्यामुळे सामू ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या मानाने त्यात अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट अधिक असतो.

जुन्या टाकीतील मोलाची वस्तू ती हीच : खडकांच्या छिद्रांत आणि गाळणीच्या स्पंजावर महिनोन्‌महिने वाढलेली जीवाणूंची वसाहत. ती पाण्यात तरंगत नाही, पृष्ठभागांना चिकटून राहते. म्हणूनच जुने पाणी डब्यांत भरून आणण्याने फारसे काही साधत नाही. वसाहत जगवायची असेल, तर स्पंज आणि गाळणीतील साहित्य टाकीच्याच पाण्यात बुडवून, झाकणाच्या बादल्यांतून न्यावे लागते. वाटेत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप सोडावा. बंद गाळणीतील जीवाणूंना प्राणवायू मिळेनासा झाला, की काही तासांतच ते मरू लागतात. आणि शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्यास किती वेळ लागतो, हे बंगळूरकरास सांगावयास नको. साहित्य घरी पोहोचताच नळाच्या पाण्याखाली धुणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जंतूंचा नाश करण्यासाठीच घातलेले असते. उपकारक जीवाणू आणि अपायकारक जंतू असा भेद ते करीत नाही.

आता घातक वस्तूंकडे वळू. समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठवणाऱ्या परजीवींवर तांब्याचे क्षार हे जुने औषध आहे. मासा ते काही प्रमाणात सोसतो. परंतु कोळंबी, शंखातील गोगलगाय, समुद्रफूल अशा अपृष्ठवंशीय प्राण्यांना तांब्याचा लेशही मारक ठरतो. चुनखडीयुक्त वाळू आणि खडक हे तांबे शोषून ठेवतात आणि पुढे हळूहळू पाण्यात सोडतात. म्हणून टाकीत पूर्वी कोणते औषध वापरले होते, हा प्रश्न किंमत ठरविण्यापूर्वी विचारला पाहिजे. खात्रीलायक उत्तर न मिळाल्यास जुनी वाळू घेऊ नये. खडकही, त्यांवरील जीवाणूंचा मोह सोडून, मागेच ठेवावेत. वाळूबाबत आणखी एक कारण आहे. तिच्या खालच्या थरात कुजलेला गाळ साचलेला असतो. ती उपसली, की त्यातून अमोनिया आणि कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. जुन्या वाळूसकट, जुन्या माशांसकट एकाच दिवशी टाकी हलविली आणि दुसऱ्या सकाळी मासे उलटे तरंगताना दिसले, या प्रकारामागे बहुधा हेच कारण असते.

काचेची परीक्षा त्यामानाने सोपी. सांध्यांवरील सिलिकॉन कडेने सुटले आहे का, ते पाहावे. टाकी सपाट जागी, शक्यतो घराबाहेर, गोड्या पाण्याने काठोकाठ भरून दोन दिवस तशीच ठेवावी. दोनशे लिटर समुद्री पाण्याचे वजन सुमारे २०५ किलोग्रॅम होते. काच, वाळू, खडक आणि बैठक धरून ते तीनशेच्या घरात जाते. प्लायवूडची बैठक पाण्याने फुगली असेल, तर ती बदलावी. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. म्हणून प्रत्येक वायरीला खटक्यापूर्वी खालच्या बाजूस झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब खटक्यात न जाता खाली पडतो.

यानंतर पाणी. ते मात्र सर्वस्वी नवे हवे. बंगळूरच्या पुष्कळ घरांत कावेरीचे पाणी येते. ते सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, कित्येक टप्प्यांनी वर चढवून आणलेले असते आणि त्यात क्लोरीन घातलेले असते. उरलेल्या घरांत कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी येते. ते जड असते आणि पुष्कळदा त्यात नायट्रेटही असते. यांपैकी कोणतेही पाणी थेट वापरू नये. ते आर. ओ. यंत्रातून गाळून घ्यावे आणि त्यात मत्स्यालयासाठी तयार केलेले समुद्री मीठ विरघळवावे. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात. एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे दोनशे लिटरला सुमारे सात किलोग्रॅम, हे समुद्राचे प्रमाण आहे. २५ अंश सेल्सियस तापमानाला अशा पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळपास भरते. पुढे पाणी आटते तेव्हा वाफ केवळ पाण्याची होते, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट खाऱ्या नव्हे, गोड्या पाण्याने भरून काढावयाची असते. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत याचा विसर पडला, तर पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते.

उंचीचाही येथे संबंध येतो. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश कमी प्राणवायू विरघळतो. त्यातच बंगळूरला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे एक-दशांश कमी आहे. तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवावा, मासे थोडे ठेवावेत, आणि वीज गेल्यास हवेचा पंप बॅटरीवर चालू राहील अशी सोय करावी.

जुन्या टाकीत आणखी एक वस्तू असू शकते, आणि ती स्पष्ट दिसते. खऱ्या समुद्रातून काढलेले प्रवाळ, मग ते जिवंत असोत वा त्यांचे सुके सांगाडे असोत, घरी ठेवणे भारतात कायद्याला धरून नाही. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. विकणारा ते फुकट देत असला तरी घेणाऱ्याने नाकारावेत. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडेही जीवाणूंना घर म्हणून पुरतात. माशांच्या बाबतीतही निवडीला वाव आहे. केरळातील विळिंजम आणि तमिळनाडूतील मंडपम येथील केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांत विदूषक माशांचे प्रजनन यशस्वी झाले आहे. अशी बंदिवासात जन्मलेली पिल्ले टाकीतील जीवनाला सरावलेली असतात आणि त्यांच्यासाठी कोणाला प्रवाळखडकांवर जाळे टाकावे लागत नाही.

एवढे सारे झाल्यावर जे उरते ते नवशिक्याला सर्वांत कठीण वाटते. टाकी भरलेली असते, दिवे लागलेले असतात, आणि तिच्यात एकही मासा नसतो. पाण्यात अमोनियाचा थोडासा पुरवठा करून चार ते सहा आठवडे थांबावे लागते. परीक्षणाच्या नळीत आधी अमोनिया चढताना दिसतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढते, शेवटी तेही उतरून नायट्रेट दिसू लागते. जीवाणू नीट जगवून आणले असतील तर हा काळ कमी होतो, परंतु परीक्षण चुकवता येत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन काही दिवस तेथेच राहिले, म्हणजे दोन लहान मासे सोडावेत. आणखी मासे आणण्यापूर्वी पुन्हा काही आठवडे थांबावे. विकणाऱ्याने टाकी एका दुपारी रिकामी करून दिलेली असते. ती पुन्हा वसवण्याचे काम मात्र जीवाणूंचे आहे, आणि ते आपल्या गतीनेच ते करतात.