आधी सारवण, मग चौक

कोळगावात माझ्या धाकट्या बहिणीचे घर आहे. पालघरहून बोईसरकडे जाताना लागणारे हे गाव पूर्वी कोणाच्या फारसे लक्षात राहत नसे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, इथल्या दुग्धविकास खात्याच्या जमिनीवर सिडकोने जिल्हा मुख्यालयाच्या इमारती उभ्या केल्या आणि आता बाहेरचा माणूस कोळगाव म्हटले की, ‘‘कलेक्टर कचेरीचं ना?’’ असे विचारतो.

गेल्या मे महिन्यात या घरात माझ्या भाचीचे लग्न झाले. लग्नघरात मामाला कामे दोनच : पैशांची जुळवाजुळव करणे आणि कोणी रुसले तर समजूत काढणे. या लग्नात माझ्याकडे तिसरेही काम आले. बोईसरच्या एक ब्युटीशियनबाई माझ्या जुन्या ओळखीच्या. ‘‘दादा, तू सांगितलंस तर त्या तारीख देतील,’’ असे बहीण म्हणाली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी भाचीला घेऊन त्यांच्या पार्लरमध्ये गेलो.

या ओळखीची हकीकत आधी सांगायला हवी. १९९६ साली मी बोईसरला एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. सुशिक्षित बेरोजगारांसाठी १९९३ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान रोजगार योजना तेव्हा जोरात होती. तारणाशिवाय एक लाखापर्यंत कर्ज मिळे आणि झेरॉक्स, एसटीडी बूथ, पिठाची गिरणी असे अर्ज टेबलावर रोज येऊन पडत. त्यांत डहाणूकडच्या एका पाड्यावरून आलेल्या, बारावी झालेल्या मुलीचा ब्युटी पार्लरचा अर्ज होता. खुर्ची, आरसा, पंखा आणि खाली ‘बेसिन, नळजोड व पाण्याची टाकी’. मी त्या शेवटच्या ओळीभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला. कर्ज देणाऱ्याचा हात अशा ओळींवर आपोआप जातो. चेहरे रंगवायच्या दुकानात टाकीचे काय काम?

मुलगी घाबरली होती, पण हटली नाही. म्हणाली, ‘‘साहेब, हवं तर आरसा लहान घेईन. पण चेहरा धुतल्याशिवाय मी रंग लावणार नाही. आमच्याकडे भिंत न सारवता चौक लिहीत नाहीत.’’

वारली लग्नातला चौक मी पाहिला होता. सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो ‘लिहितात’. मधे पालघट देवी असते आणि चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच पांढरी रेघ जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण कौतुक करतो ते पांढऱ्या रेघांचे. त्यांच्याखाली शेणाने सारवलेली, गेरूने लिंपलेली भिंत असते, हे मी त्या दिवसापर्यंत ध्यानात घेतले नव्हते. भिंत भुसभुशीत राहिली तर रेघ सुकल्यावर पोपड्यासकट खाली येणार. मी लाल गोल खोडला. टाकी मंजूर झाली. कर्जही वेळेवर फिटले.

तर, त्या पार्लरमध्ये आम्ही गेलो. बाई आता पन्नाशीच्या आहेत, हाताखाली चार मुली आहेत, पण मला अजून ‘साहेब’च म्हणतात. त्यांनी भाचीला आरशासमोर न बसवता खिडकीपाशी उजेडात बसवले, चेहरा धुवायला लावला आणि बराच वेळ नुसते पाहत राहिल्या. गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा होत्या, हनुवटीवर पुरळ होते आणि कानशिलाजवळ पूर्वी नसलेली लव.

‘‘काय लावतेस तोंडाला?’’

‘‘काही नाही हो काकू. रात्रीची एक क्रीम आहे, मैत्रिणीने दिलेली. लग्नाआधी त्वचा तयार करायला.’’

पर्समधून पांढरी डबी निघाली. वर ना नाव, ना घटक, ना तारीख. चार महिने रोज लावत होती. बाईंनी डबी हातात घेऊन झाकण पुन्हा लावले आणि माझ्याकडे वळल्या. ‘‘साहेब, आज ट्रायल नको. आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. या भिंतीवर मी काही लिहिणार नाही.’’

भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. मला मात्र जानेवारीतला साखरपुडा आठवला. क्रीम सुरू होऊन तेव्हा महिना झाला होता. चार माणसांत मीच मोठ्याने म्हणालो होतो, ‘‘वा! काय उजळलीस गं!’’ तिने ते वाक्य जपून ठेवले असणार. ती डबी मैत्रिणीने दिली खरी, पण पुढचे तीन महिने ती माझ्या शाबासकीवर चालली.

डॉक्टरांनी डबी पाहण्याआधीच चेहऱ्यावरून ओळखले. स्टिरॉइड. ही वाईट वस्तू नव्हे. इसब किंवा सोरायसिससारख्या विकारांत योग्य जागी, योग्य दिवस दिली तर रुग्णाला मोठा आराम पडतो. पण चेहऱ्याच्या पातळ त्वचेवर रोज चोळली तर काय होते, ते त्यांनी समजावून सांगितले. सुरुवातीला रक्तवाहिन्या आकसतात, रंगद्रव्य कमी तयार होते, पुरळ बसते. चेहरा आठवडाभरात उजळ दिसतो आणि घरचे लोक वाहवा करतात. पुढे त्वचा पातळ होत जाते, शिरा दिसू लागतात, मुरुमे आणि लव येते, उन्हात आग होते. क्रीम थांबवली की सगळे दुप्पट उसळते. घाबरून मुलगी पुन्हा तीच डबी उघडते. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती या अनुभवामुळेच. पण ज्या डबीवर नावच नाही, तिला कोणता नियम आडवा येणार?

डॉक्टर म्हणाले, ‘‘स्टिरॉइड निघालं म्हणून एका अर्थी समाधान माना. काही डब्यांत पारा असतो.’’ पारा रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच अडवतो, म्हणून गोरेपणाच्या चोरट्या क्रीममध्ये तो घालतात. तो त्वचेतून शरीरात उतरतो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडल्याचे प्रकरण २०२३ साली गाजले. त्यांच्या क्रीमची तपासणी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली, तेव्हा त्यात पारा सापडला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळवणारी क्रीम वापरत होते. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांची प्रसाधने सोडली तर, नकळत शिरलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

हा विषारी शृंगार आजचा नाही. युरोपातल्या उमराव स्त्रिया शिशाचा सफेदा तोंडाला फासत आणि त्याने खराब झालेली त्वचा झाकायला आणखी सफेदा फासत. आपल्याकडच्या जुन्या रंगपटांत लाल रंगासाठी जो हिंगूळ असे, तो म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. आज दशावतारी नट पेटाऱ्यासमोर बसून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, तेव्हा तो रंग खोबरेल तेलात कालवतो. रंग आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी हवे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मग चेहऱ्याची खरी तयारी कोणती? बाईंना मी हे विचारले, तेव्हा त्या हसल्या. ‘‘साहेब, तयारी म्हणजे रंग बदलणं नाही. आहे ती त्वचा शांत करणं.’’

त्यांचे म्हणणे असे. आपल्या त्वचेचा वरचा थर म्हणजे विटा आणि चुना यांची बारीक भिंत आहे. पेशी या विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ हा चुना. ही भिंत किंचित आम्लधर्मी असते. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, तो हा चुना धुऊन नेतो. खाण्याचा सोडाही तसाच. लिंबू उलट्या टोकाचे, त्यातले आम्ल त्वचेला सोसत नाही आणि लिंबू लावून उन्हात गेले तर भाजल्यासारखे डाग पडतात. म्हणून चेहरा सौम्य फेसवॉशने, कोमट किंवा साध्या पाण्याने धुवायचा आणि घासायचा नाही, पंचाने टिपायचा. ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचे. तेलकट त्वचेलाही ते लागते, फक्त हलके, पाण्यासारखे. मग पाच-दहा मिनिटे थांबायचे. दिवसाचा मुहूर्त असेल तर सनस्क्रीन, तेही मुरू द्यायचे. गरज वाटली तर प्रायमर, वाटाण्याएवढा. त्यानंतर फाउंडेशन. समुद्र जवळ, हवा दमट, मे महिना. इथे जितके थर जास्त तितके घामाने लवकर फुटतात. तयारी चांगली असेल तर रंग निम्मा लागतो.

आणि वेळ! तरुण माणसाच्या त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणून जे काही नवे करायचे ते लग्नाच्या महिनाभर आधी. आदल्या दिवशी ब्लीच, स्क्रब, पहिलेवहिले फेशियल यांपैकी काही नको. सुजलेल्या चेहऱ्यावर हार घालायची पाळी येते. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून दोन दिवस पाहायची. हा नियम घरच्या वस्तूंनाही लागू. उटणे, हळद, कुंकू यांनीही काहींच्या अंगावर पुरळ उठते. ‘नैसर्गिक’ म्हटले म्हणून त्वचा ओळख दाखवत नाही.

हे सारे ऐकताना मला वाटले, इतके साधे आहे तर लोक डबीच्या मागे का लागतात? उत्तर मलाच ठाऊक होते. चेहरा धुऊन शांत बसलेल्या मुलीला कोणी ‘वा’ म्हणत नाही. उजळलेल्या मुलीला म्हणतात. आमच्या घरात सावळा रंग कोणी वाईट म्हटला नाही, अशी माझी समजूत होती. पण स्थळे पाहताना ‘रंग निमगोरा’ असे बायोडेटात लिहिले होते आणि ते अक्षर माझे होते.

पुढचे सहा आठवडे सोपे गेले नाहीत. डॉक्टरांनी क्रीम आपल्या देखरेखीखाली सोडवली, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच ठेवले. चेहरा लाल झाला, चुरचुरला. भाची आठ दिवस खोलीबाहेर आली नाही. बहीण रात्री फोनवर रडायची, ‘‘दादा, लोक काय म्हणतील?’’ एकदा भाचीने ती डबी पुन्हा मागितली. त्या संध्याकाळी मी कोळगावला गेलो आणि तिला म्हणालो, ‘‘साखरपुड्यात मी जे बोललो ते चुकलो. तुझा मामा मूर्ख आहे.’’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मामा, मला ते फार आवडलं होतं.’’ यावर मला काही सुचले नाही. तिने नवऱ्या मुलालाही सगळे सांगितले. तो म्हणाला, ‘‘मग फोटो कमी काढू.’’ मला तो मुलगा तेव्हा पसंत पडला.

लग्नाच्या पहाटे बाई बोईसरहून आल्या. लाली बरीच ओसरली होती, पूर्ण गेली नव्हती; ती जायला पुढे पावसाळा सरला. मांडवात सनईची कॅसेट लागली होती, गुरुजी घड्याळ दाखवत होते, आत्या दार ठोठावत होत्या. भाची ओल्या चेहऱ्याने पाटावर बसली होती आणि बाई हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या.

‘‘अहो, उशीर होतोय!’’ बहीण म्हणाली.

‘‘मुरू दे ताई. दहा मिनिटं.’’

त्या दहा मिनिटांत खोलीत कोणी बोलले नाही. मग बाईंनी बोटावर थोडेसे फाउंडेशन घेतले, भाचीच्या स्वतःच्या रंगाचे. एक छटाही वर नाही. गालावरच्या शिरा पुसट झाल्या, बाकी चेहरा तिचाच राहिला. बाहेर आल्यावर कोणी ‘उजळलीस’ म्हणाले नाही. तिची आजी म्हणाली, ‘‘आमचीच आहे.’’

जाताना बाईंनी कोपऱ्यातल्या बेसिनवर ब्रश धुतले. पाणी वाहताना मी पाहत होतो. १९९६ साली ती एक ओळ मी कापली असती, तर कर्जात काही रुपये वाचले असते.