हिरवा दिवा कुणाला?

गळीत हंगामात बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, की रस्त्याकडेला उभ्या माणसालाही एक गोष्ट कळते. गव्हाणीपुढचं आवार भरलेलं असताना फाटकातून आणखी ट्रॅक्टर आत घेण्यात अर्थ नसतो. प्रवीण वरैया यांच्या संशोधनाचा शेवटचा टप्पा जवळपास याच समजुतीवर उभा आहे. तिथवर पोचायला मात्र त्यांना मोठा वळसा पडला.

मुंबईत जन्मलेले वरैया 1960 मध्ये व्हीजेटीआयमधून अभियंता झाले. 1966 मध्ये त्यांनी बर्कलीत लोत्फी झादे यांच्याकडे डॉक्टरेट घेतली आणि तिथंच ते शिकवू लागले. विषय नियंत्रण प्रणाली. मधली काही वर्षं अर्थशास्त्रही. वाहतूक मागाहून आली, आणि आली ती भव्य स्वप्न घेऊनच: गाडी माणसाने चालवायचीच नाही. ऑगस्ट 1997 मध्ये सॅन दिएगोजवळच्या महामार्गावर आठ ब्यूक गाड्या जेमतेम साडेसहा मीटर अंतर राखून आपोआप धावल्या. प्रयोग साधला, पण पुढे अमेरिकी केंद्र सरकारचा पैसा आटला.

मग ते मोजणीकडे वळले. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांत पुरलेल्या तारांच्या वेढ्यांमधून दर 30 सेकंदांना आकडे येत होते. ते साठवून चाळणारी ‘पेम्स’ ही यंत्रणा त्यांनी सहकाऱ्यांसह उभारली. त्यातून दिसलं, की महामार्ग सर्वांत जास्त गाड्या वाहून नेतो तो ताशी 60 मैलांच्या आसपास. कोंडी झाली की वेगाबरोबर वहनही घटतं. सर्वाधिक वहन याहून बऱ्याच कमी वेगाला होतं, असा अनेक जाणकारांचा समज होता.

2013 चा ‘मॅक्स प्रेशर’ हा शोधनिबंध मला त्या आठ गाड्यांच्या प्रयोगापेक्षा मोठा वाटतो. मूळ कल्पना संदेशवहनाच्या जाळ्यांसाठी तासिउलास आणि एफ्रेमिडिस यांनी 1992 मध्ये मांडलेली. वरैयांनी ती चौकात आणली: मागची रांग लांब आणि पुढचा रस्ता मोकळा, त्या दिशेला हिरवा दिवा. शहरभरच्या मागणीचा अंदाज नको, मध्यवर्ती संगणक नको. चौकाने आपल्या आजूबाजूच्या रांगा पाहाव्यात आणि कुठून किती गाड्या वळतात ते ध्यानात घ्यावं, एवढंच. कोणत्याही वेळापत्रकाने पेलता येईल तेवढी वाहतूक हा नियमही पेलतो, हे त्यांनी सिद्ध केलं.

सिद्धतेत एक सोय करून घेतली आहे. रांगेला हवी तेवढी जागा आहे, असं धरलं आहे. वरैया 2022 मध्ये गेले. ही अट काढून टाकायच्या खटपटीत आता दुसरे संशोधक आहेत. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडणाऱ्या गावांना त्यांच्या उत्तराची गरज बर्कलीपेक्षा जास्त आहे.