बोर्ड नंतर, आधी वावर

मातीतला ओलावा मोजायचा आणि वावर कोरडं पडलं की मोटर सुरू करायची, हा विषय डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसतो. बुलढाणा जिल्ह्यात तो दिसणारच. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. अंधारात विंचूकाट्यातून स्टार्टरपर्यंत जायची हौस कुणालाच नसते. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी याच अडचणीवर ‘नॅनो गणेश’ तयार केला. मोबाईलवरून पंप चालू-बंद करणाऱ्या या उपकरणाला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिकही मिळालं.

स्वतः असं काही बनवू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला : कोणता मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेऊ? माझ्या मते त्याआधी वावराला तीन प्रश्न विचारावेत. तिथे वीज कुठून येणार, रेंज आहे का, आणि माती कसली आहे?

तिन्ही प्रश्नांकडे वळण्याआधी बोर्डांची तोंडओळख. बाजारात नवशिक्यासमोर मुख्यतः दोन नावं येतात. पहिलं आर्डुइनो उनो. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआ गावी, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी जन्माला आलं. उनोच्या जुन्या, सगळीकडे मिळणाऱ्या आवृत्तीतली एटमेगा चिप १६ मेगाहर्ट्‌झवर चालते. प्रोग्रामला ३२ किलोबाइट जागा, चालू कामाची स्मृती फक्त २ किलोबाइट. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोही त्यात मावणार नाही. पण ओलाव्याचा आकडा वाचून दिवा लावायला एवढं पुष्कळ झालं. दुसरं नाव ईएसपी-३२, शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची २०१६ मधली चिप. दोन गाभे, २४० मेगाहर्ट्‌झपर्यंत वेग, ५२० किलोबाइट स्मृती, वर वाय-फाय आणि ब्लूटूथ. किमतीला मूळ उनोपेक्षा बहुधा स्वस्तच. मग उनो घ्यायचाच कशाला?

कारण उनो चुका पोटात घालतो. तो ५ व्होल्टचा, ईएसपी-३२ मात्र ३.३ व्होल्टचा. टाकीतली पाण्याची पातळी मोजायला मुलं अल्ट्रासॉनिक सेन्सर आणतात. त्याच्या ‘इको’ पिनेतून ५ व्होल्ट बाहेर येतात. उनोला ते थेट जोडले तरी चालतात. ईएसपीला जोडले तर पिन कधी जळेल सांगता येत नाही. उपाय दोन रेझिस्टरचा : इकोपासून १ किलोओहम, पुढे ग्राउंड पिनेकडे २ किलोओहम, आणि दोघांच्या मधून ईएसपीची तार. ५ चे दोन तृतीयांश म्हणजे साधारण ३.३. हे गणित कळलं की ईएसपी घ्यायला हरकत नाही. आणखी एक खोच आहे. वाय-फाय चालू असताना ईएसपी-३२ च्या काही अ‍ॅनालॉग पिना आकडाच देत नाहीत. ओलाव्याचा सेन्सर ३२ ते ३९ या पिनांपैकी एकीला जोडावा, म्हणजे रात्रभर प्रोग्राममधली चूक शोधत बसावं लागत नाही.

आता वीज. उनो काहीही न करता ४५-५० मिलिअँपिअर खातो. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल त्यावर फार तर दोन दिवस निघतो. ईएसपीची चिप गाढ झोपेत काही मायक्रोअँपिअरवर येते; अर्ध्या तासाने उठून आकडा पाठवायचा आणि पुन्हा झोपायचं, असा प्रोग्राम लिहिता येतो. मात्र तयार बोर्डावरचा लाल दिवा आणि रेग्युलेटर झोपेतही वीज पितात, हे विक्रेता सांगत नाही.

रेंजचं तर विचारूच नका. घर गावात, वावर दीड किलोमीटरवर. वाय-फाय तिथे कुचकामी. मग मुलं स्वस्तातलं सिम-८०० मॉड्यूल आणतात, त्यात जिओचं सिम घालतात आणि डोकं धरून बसतात. ते मॉड्यूल २जी-वर चालतं, जिओचं जाळं २जी देतच नाही. शिवाय संदेश पाठवताना त्याला क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट लागतो. बोर्डाच्या पिनेवर ते भागत नाही. लांब पल्ल्यासाठी लोरा हा रेडिओ बरा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झवर त्याला परवाना लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती माती. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागातून पूर्णेकाठचा खारपाणपट्टा जातो. काट्यासारखा दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर मातीतून वीज किती वाहते ते मोजतो. खारट मातीतून ती जास्त वाहते, म्हणून जमीन सुकत आली तरी सेन्सर ‘ओल आहे’ म्हणतो. दांड्याही गंजतात. कपॅसिटिव्ह सेन्सरला धातू उघडा नसतो आणि क्षाराचा त्रास कमी होतो, पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की त्याच्याभोवती हवा शिरते आणि ओलाव्याचा आकडा एकदम कोसळतो. म्हणून आपल्याच वावरातली माती वाळवून, वजन करून, मोजून पाणी घालत आकडे लिहून ठेवावेत. दुसऱ्याच्या प्रोग्राममधला ‘५०० च्या खाली मोटर चालू’ हा आकडा इथे उपयोगाचा नाही.

देशी पर्यायही आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘वेगा’ प्रोसेसर घडवले. त्यातल्या तेजस-३२ चिपवरचा ‘एरीज’ बोर्ड १०० मेगाहर्ट्‌झचा आहे आणि आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून चालवता येतो. कौतुक आहेच. पण अडलं तर विचारायला माणूस लागतो, आणि शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातला एखादा सीनियर असो की शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमधले सर, त्यांच्या हाताखालून उनो आणि ईएसपीच जास्त गेलेले असणार. पहिला बोर्ड तोच घ्यावा जो शेजारच्याकडे आहे.

आणि मोटर? बोर्डासोबत मिळणाऱ्या निळ्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलेलं असतं. थ्री-फेज स्टार्टरची कॉइल अनेकदा ४१५ व्होल्टची असते. तो रिले तिथे जोडू नये. आधी मोटरच्या जागी एलईडी लावून हंगामभर आकडे तपासावेत. स्टार्टरची पेटी उघडायचं काम वायरमनचं.