सार्वजनिक पैशाचा हिशेब : ग्रामसभेपासून लोकलेखा समितीपर्यंत

‘लेखापरीक्षण’ हा शब्द कानी पडताच आपल्या कार्यालयांतून एक प्रकारची अस्वस्थता पसरते. कपाटांतील नोंदवह्या बाहेर निघतात, राहून गेलेल्या सह्या पूर्ण केल्या जातात, न सापडणाऱ्या प्रमाणकांचा शोध सुरू होतो. पथकाने आक्षेप नोंदविला, की तो आपल्या सचोटीवरील आरोप मानण्याकडे अनेकांचा कल असतो. वस्तुतः आक्षेप म्हणजे कर भरणाऱ्या नागरिकाने आपल्या प्रतिनिधींमार्फत विचारलेला प्रश्न होय. हा प्रश्न कोठे उगम पावतो आणि त्याचे उत्तर कोणाला द्यावयाचे असते, हे ध्यानी घेतल्यास त्याविषयीचे भय कमी होईल. जबाबदारीची जाणीव मात्र वाढेल.

मंजुरीशिवाय खर्च नाही

कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येणार नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद २६५ मध्ये म्हटले आहे. खर्चाचीही तीच रीत आहे. शासनाकडे जमा होणारा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि अनुच्छेद २६६ प्रमाणे कायद्यानुसारच त्यातून पैसा काढता येतो. म्हणूनच अर्थसंकल्प सादर झाल्यावर विधानसभा खातेनिहाय अनुदानाच्या मागण्या मंजूर करते, विनियोजन विधेयक संमत होते आणि मगच पैसा खर्चासाठी उपलब्ध होतो.

परंतु मंजुरी देऊन विधिमंडळाचे कर्तव्य संपत नाही. ज्या कामासाठी पैसा दिला त्याच कामासाठी तो वापरला गेला काय, हे वर्ष संपल्यानंतर पाहणे हा त्या कर्तव्याचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध सभागृहात, सर्वांसमक्ष पार पडतो. उत्तरार्ध बहुतांशी समितीच्या खोलीत शांतपणे चालतो; त्यामुळे सामान्य नागरिकाला त्याचा परिचय कमी असतो.

तटस्थ तपासनीस

हजारो कार्यालयांतील लाखो व्यवहार लोकप्रतिनिधींनी स्वतः तपासणे अशक्य आहे. त्यासाठी संविधानाने भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हे स्वतंत्र पद निर्माण केले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने व ज्या कारणांसाठी पदावरून दूर करता येते, त्याच रीतीने व त्याच कारणांसाठी या अधिकाऱ्यालाही दूर करता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४९ साली संविधान सभेत या पदाची गणना संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाच्या पदांत केली होती आणि त्याची कर्तव्ये न्यायव्यवस्थेच्या कर्तव्यांहूनही मोठी असल्याचे सांगितले होते. हिशेब विचारणारा जर हिशेब देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असेल तर त्या हिशेबाला अर्थ उरत नाही, हे या योजनेमागील साधे तत्त्व आहे.

महाराष्ट्रात मुंबई व नागपूर येथील महालेखापाल कार्यालयांमार्फत हे काम चालते. राज्याच्या हिशेबांवरील नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल अनुच्छेद १५१ अन्वये राज्यपालांना सादर होतात आणि राज्यपाल ते विधिमंडळापुढे ठेवण्याची व्यवस्था करतात. तेथून लोकलेखा समितीचे कार्य सुरू होते.

लोकलेखा समिती

या समितीची कल्पना मूळची ब्रिटनमधील. तेथे ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना १८६१ साली अशी समिती प्रथम नेमली गेली. भारतात माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ साली केंद्रीय विधिमंडळात ती अस्तित्वात आली. परंतु त्या काळी सरकारचा वित्त सदस्यच तिचा अध्यक्ष असे. खर्च करणाऱ्यानेच तपासणीचे अध्यक्षपद भूषवावे, असा तो प्रकार होता. संविधान अंमलात आल्यावर १९५० पासून ती खऱ्या अर्थाने संसदेची समिती झाली. आज तिच्यात लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात. मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही. १९६७ साली विरोधी पक्षाचे मिनू मसानी यांची अध्यक्षपदी नियुक्ती झाली, तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत रूढ झाला. महाराष्ट्र विधानमंडळाचीही स्वतःची लोकलेखा समिती आहे.

समितीसमोर मुख्यतः तीन प्रश्न असतात. खर्ची पडलेली रक्कम त्या कामासाठी कायद्याने उपलब्ध होती काय? सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी घेऊन खर्च झाला काय? एका बाबीवरील रक्कम दुसरीकडे वळविली असल्यास ती नियमानुसार वळविली काय? याखेरीज उधळपट्टी, नुकसान आणि निष्फळ खर्च यांचाही विचार ती करते. धोरण योग्य की अयोग्य, हा तिचा विषय नव्हे; ते धोरण राबविताना पैशाचे काय झाले, एवढेच ती पाहते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मंजुरीपेक्षा अधिक खर्च झाला तरच प्रश्न उपस्थित होतो, असे नाही. अधिक खर्च विधिमंडळाकडून नियमित करून घ्यावा लागतो हे खरे; पण मंजूर रक्कम मोठ्या प्रमाणात अखर्चित राहिली तरी तिचेही कारण द्यावे लागते. अशी प्रत्येक बचत काटकसरीची द्योतक नसते. कित्येकदा ती न बांधलेल्या शाळाखोलीची किंवा न पोहोचलेल्या नळयोजनेची खूण असते. रक्कम वेळीच समर्पित केली असती तर ती दुसऱ्या गावाच्या उपयोगी पडली असती. मार्चअखेरच्या घाईत कसेबसे केलेले काम हे त्याच दोषाचे दुसरे रूप होय.

एका प्रश्नाचे सामर्थ्य

समितीप्रमाणेच सभागृहातील जागरूक सदस्यही पैशावर पहारा ठेवू शकतो. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ साली हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित कंपन्यांच्या भागांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविले. फिरोज गांधी यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लोकसभेत हा विषय लावून धरला. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे सदस्य होते, हे विशेष. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मु. क. छागला यांच्या चौकशी आयोगाने १९५८ च्या प्रारंभी सुनावणी जाहीरपणे घेतली आणि फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. पुढे १९६४ साली सरकारी उपक्रमांच्या तपासणीसाठी संसदेची स्वतंत्र समिती स्थापन झाली.

जिल्ह्यात आणि गावात

मुंबई-दिल्लीची ही व्यवस्था गावापासून दूर आहे असे वाटण्याचा संभव आहे. पण तसे नाही. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व ग्रामपंचायती यांच्या हिशेबांची तपासणी १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमानुसार होते. जिल्हा परिषदांविषयीचे अहवाल विधिमंडळापुढे येतात व पंचायती राज समिती त्यांचा विचार करते. ही समिती जिल्ह्यांचे दौरे करून अधिकाऱ्यांच्या साक्षी घेते व कामांची पाहणी करते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ८ नुसार आर्थिक वर्षातील ग्रामसभेच्या पहिल्या बैठकीपुढे वार्षिक हिशेब आणि मागील लेखापरीक्षेचे टिपण, दिलेल्या उत्तरांसह, ठेवावे लागते. अर्थात, ग्रामसभा ही त्या गावाची लोकलेखा समितीच आहे! विधानभवनात लोकप्रतिनिधी जो प्रश्न सचिवांना विचारतात, तोच प्रश्न गावातील कोणाही मतदाराने सरपंचांना विचारावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. टिपण घाईघाईने वाचून पुढच्या विषयाकडे वळणारी ग्रामसभा स्वतःचाच अधिकार गमावत असते.

कागद बोलला पाहिजे

या व्यवस्थेला मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. तपासणी खर्च झाल्यानंतर होते. बुडालेला पैसा ती आपोआप परत आणीत नाही. समिती शिफारस करते, शिक्षा देत नाही. अहवालांतील परिच्छेद पुष्कळ असतात आणि त्यांतील निवडक परिच्छेदांवरच साक्ष होऊ शकते. शिवाय साक्षीची वेळ येईतो अनेकदा वर्षे उलटलेली असतात. ज्यांनी खर्च केला त्यांची बदली झालेली असते, कोणी सेवानिवृत्त झालेले असतात. उत्तर द्यावयास उभा राहतो तो तिसराच अधिकारी.

अशा वेळी माणूस नव्हे, कागद साक्ष देतो. समजा, एका शाळेचे छप्पर दुरुस्त झाले. काम चांगले झाले, मुले कोरड्या खोलीत बसू लागली. परंतु मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही, पत्रे साठा नोंदवहीत चढविलेले नाहीत आणि प्रमाणक सापडत नाही, तर प्रामाणिक मुख्याध्यापकाचे चोख कामही आक्षेपाधीन ठरते. उलट, कागद पूर्ण पण छप्पर गळके, असे असेल तर ते गावकऱ्यांखेरीज कोण सांगणार? म्हणून नोंद ठेवणारा कर्मचारी आणि प्रश्न विचारणारा नागरिक, दोघेही या साखळीला तितकेच आवश्यक आहेत.

आक्षेपाचे अनुपालन मुदतीत करावे, ठरावांची व खर्चाची नोंद त्याच दिवशी करावी, पदभार सोपविताना अनिर्णित आक्षेपांची यादी पुढील अधिकाऱ्याच्या हाती द्यावी, या तिन्ही गोष्टींना वेगळा निधी लागत नाही. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्याच ग्रामपंचायतीचा वार्षिक हिशेब वर्गात वाचून दाखविला, तर उद्याची ग्रामसभा अधिक जागरूक होईल. ज्या गावाला आपल्या रुपयाचा हिशेब मागण्याची सवय आहे, त्या गावाचे प्रतिनिधी विधानभवनातही तीच सवय घेऊन जातील.