कमरेतलं इंजेक्शन कोणासाठी?

एमआरआयच्या रिपोर्टात ‘गादी सरकली’ असं दिसलं, की घरात लगेच कमरेतल्या इंजेक्शनची चर्चा सुरू होते. पण दुखतंय कुठे, हे आधी पाहायला हवं. नुसती कंबर धरते, की कळ कुल्ल्यातून मांडीमागून थेट पावलापर्यंत जाते?

दोन मणक्यांमधल्या गादीचं बाहेरचं कडं फाटलं की आतला मऊ गर बाहेर येतो. तो नसेवर दाब तर देतोच, शिवाय त्यातल्या रसायनांमुळे नसेचं मूळ सुजतं. पायात वीज चमकल्यासारखी कळ येते ती बरीचशी या सुजेमुळे. इंजेक्शनातलं स्टेरॉइड ही सूज उतरवतं. रुग्णाला पालथं झोपवून, कातडी बधिर करून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सुई आत नेतात. आधी थोडा डाय सोडतात. तो नसेच्या कडेने पसरताना दिसला, की सुई योग्य जागी आहे असं समजून औषध देतात.

सरकलेली गादी मात्र औषधाने जागेवर जात नाही. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरातल्या पेशीच काही महिन्यांत हळूहळू साफ करतात. तेवढे दिवस रुग्णाला झोपता-चालता यावं, एवढंच या सुईचं काम, आणि ताज्या, तीव्र सायटिकात, म्हणजे पायात उतरणाऱ्या या कळेत, ते मोलाचं आहे.

वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं तसं नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्येच साध्या कंबरदुखीला मणक्यातली इंजेक्शनं देऊ नका, असं सांगितलं. मणक्याची नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना बधिर करणाऱ्या औषधासोबत स्टेरॉइड दिलं, निम्म्यांना नुसतं बधिर करणारं औषध. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांचा आराम जवळपास सारखाच होता! तरीही जुनाट दुखण्यावर एकामागून एक सुया घेणारे रुग्ण पाहिले की वाईट वाटतं. त्यांना खरी गरज असते ती नियमित व्यायामाची आणि धीर देणाऱ्या डॉक्टरची.

पायातलं बळ जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर इंजेक्शनाचा विचार करत बसू नका, तडक मोठं रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर सुईनंतर काही दिवस साखर वाढते, ती घरी तपासत राहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सुईआधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका.