मालवाहू गाडीची मागील उंची : तपासणी व दुरुस्ती

डहाणू तालुक्यातील घोलवड, बोर्डी व आसपासच्या गावांतील चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हा माल चारोटी किंवा तलासरीमार्गे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर येतो आणि पुढे दूरच्या बाजारपेठांत जातो. वाहतुकीसाठी पिकअप गाडीचा वापर सर्रास होतो. ही गाडी काही वर्षे चालली की तिचा मागील भाग खाली बसलेला दिसू लागतो. अशा वेळी एक जादा पाटा घालून गाडी उचलून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. तथापि उंची का कमी झाली याचा शोध न घेता केलेला हा उपाय हितकारक ठरत नाही.

उंची घटल्याचे परिणाम

मागील आसावर पोलादी पाट्यांच्या दोन कमानी असतात. भार पडला की त्या दबतात व खड्ड्यांचे हादरे सोसतात. कमान आधीच सपाट झाली असेल, तर दबण्यास जागा उरत नाही. आस रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि तो हादरा थेट मालास बसतो. काढणीच्या वेळी टणक भासणाऱ्या चिकूलाही अशा हादऱ्यांनी मार बसतो आणि फळ पिकताना तो भाग कुजू लागतो.

याहून गंभीर बाब रस्त्यावरील सुरक्षिततेची आहे. पुढील व मागील चाकांत ३ मीटर अंतर असलेल्या गाडीची मागील बाजू पुढच्यापेक्षा ६ सेंटिमीटर खाली गेली, तर दिव्यांचा झोत २५ मीटर अंतरावर सुमारे अर्धा मीटर वर सरकतो. त्यामुळे समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात आणि आपल्या पुढचा रस्ता अंधारात राहतो. माल मागील आसाच्या पाठीमागे रचला असेल, तर पुढील चाकांवरील भारही कमी होऊन सुकाणू हलके पडते.

उंची कशी मोजावी

गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी. चाकांतील हवा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे असावी. मागील भाग दोन-तीन वेळा दाबून सोडावा. नंतर चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून वहीत लिहावे. त्याच बनावटीच्या नव्या, रिकाम्या गाडीच्या मापाशी ते ताडून पाहावे. एकच बाजू खाली असल्यास त्या बाजूचा पाटा तुटला आहे काय, कमानीच्या टोकाची पिन अडकली आहे काय, बुश झिजले आहे काय, हे पाहावे. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील, तर कमानी थकल्या आहेत असे समजावे.

दुरुस्ती

तुटलेला पाटा त्याच रुंदीचा व जाडीचा बदलावा. सपाट झालेल्या कमानीला पुन्हा बाक देता येतो. परंतु साध्या भट्टीत तापविल्याने पोलादाचे पाणी उतरते. म्हणून पोलादास पुन्हा योग्य पाणी देणाऱ्या जाणत्या कारागिराकडूनच हे काम करून घ्यावे, अथवा नवी कमान घालावी. दुरुस्ती दोन्ही बाजूंना एकाच वेळी करावी. यू-बोल्ट समान ताणाने आवळावेत व काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा तपासावेत. आस व कमान यांच्यामध्ये लाकडी ठोकळे ठेवून उंची वाढविणे धोक्याचे आहे. पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंग असलेल्या मोटारीत वेटोळ्यांमध्ये रबर न कोंबता स्प्रिंगांची जोडी बदलावी.

काम करताना केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. चाकांना उटी लावावी व चासीखाली भक्कम घोड्या द्याव्यात.

जादा पाट्याविषयी

पाट्याची जाडी थोडी वाढली तरी त्याचा ताठपणा फार वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातल्यास तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. अशी गाडी पूर्ण भाराने ठीक दिसते. पण अर्ध्या भाराने उसळते व फळांना मार लागतो. शिवाय पाटा वाढला म्हणून आस, टायर व ब्रेक यांची ताकद वाढत नाही. काही गाड्यांत भारानुसार मागील ब्रेकचा दाब ठरविणारी झडप एका दांडीने आसाशी जोडलेली असते. गाडी उंच झाली की झडपेच्या लेखी ती रिकामीच राहते आणि भरल्या गाडीचे मागील ब्रेक कमी लागतात. म्हणून उंची बदलल्यावर ही झडप व पुढील दिवे दोन्ही जुळवून घ्यावेत.

भाराचा हिशेब

नोंदणी प्रमाणपत्रावर भारासह एकूण वजन व रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. समजा, ही वजने २,९०० व १,७०० किलो आहेत. फरक १,२०० किलो. त्यातून चालक व सोबती यांचे १३० किलो वजा केल्यास १,०७० किलो उरतात. भरलेला क्रेट २२ किलोचा धरल्यास ४८ क्रेट बसतात. त्यापुढे एकही चढवू नये. मर्यादेबाहेर भार नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये द्यावे लागतात. माल हौद्याच्या पुढील भिंतीला टेकवून रचावा. हौद्यात मजूर बसवू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी चिकूचा हंगाम भरात येण्यापूर्वी गावातील गाडीमालकांना एकत्र बोलावून प्रत्येक गाडीचे माप घेण्याची पद्धत दाखवावी व दर तीन महिन्यांनी ते नोंदविण्यास सांगावे. माप घटू लागल्याचे वेळीच कळले, तर पाटा रस्त्यात तुटण्यापूर्वी गाडी कारागिराकडे नेता येईल आणि माल व माणसे दोन्ही सुखरूप पोहोचतील.